तिसऱ्या बेसकडचा उतार

पेल्टन गावात वेल्मा ऑस्टरहाउटला नावाने हाक मारणारी माणसं दोनच. एक तिचा नवरा मर्ल आणि दुसरा हेरन्सचा मॅनेजर डच क्रँडल. बाकी सगळं गाव तिला ‘मिसेस ओ’ म्हणे. पूर्ण आडनाव घ्यायला नदीकाठच्या त्या गावाला सवड नव्हती असं मुळीच नाही. सवडीला तिथे काय तोटा! पण मिसेस ओ निघून जायच्या आत आपलं वाक्य संपवावं लागे, आणि ती कोणासाठी थांबत नसे.

हेरन्स, म्हणजे बगळे, हा पेल्टनचा बेसबॉलचा संघ. पांढराशुभ्र पोशाख, छातीवर एका पायावर उभा असलेला निळा बगळा. संघ लागोपाठ हरायला लागला की लोक म्हणत, “त्याचा दुसरा पाय कुठे गेलाय तो आधी शोधा.” पण हा उद्योग फक्त गावकऱ्यांनी करायचा. बाहेरच्या कोणी बगळ्याला नावं ठेवली, तर त्याला पेल्टनमध्ये धड कॉफीही मिळत नसे.

पगारी संघ होता, पण पगार बेताचा. मोठ्या क्लबांनी सोडून दिलेली पोरं इथे येत, गावातल्या घरांतल्या मोकळ्या खोल्यांत राहत, आणि पुन्हा कोणाची तरी नजर आपल्यावर पडेल या आशेवर खेळत. एखाद्यावर ती पडेही. मग मोठा क्लब त्याचा करार विकत घेई, पैसे हेरन्सला मिळत, आणि कोणाच्या तरी घरातली खोली रिकामी होई.

या संघाच्या कचेरीत वेल्मा सत्तावीस वर्षं होती. दारावरच्या पाटीवर तिचं पद होतं ‘कार्यालयप्रमुख’. कार्यालय म्हणजे प्रेक्षकांच्या बाकांखालची एक खोली आणि प्रमुख म्हणजे त्यातली एकुलती एक खुर्ची. तिकिटं छापून घेणं, बस ठरवणं, अंपायरांची जेवणं, पोरांचे दात दुखले तर डॉक्टर, आणि दर दुसऱ्या शुक्रवारी पगार, हे सगळं तिच्याकडे.

पगाराची एक रीत होती. संघाचे मालक म्हातारे लिंडग्रेन. त्यांची लाकडाची वखार होती आणि वखारीतली रीत त्यांनी मैदानावर आणली होती. शुक्रवारची मॅच संपली की खेळाडूंच्या खोलीच्या दाराशी वेल्मा आणि लिंडग्रेन उभे राहत. प्रत्येकाने टोपी काढायची, आपलं पूर्ण नाव सांगायचं, वेल्माच्या हातून चेक घ्यायचा आणि म्हाताऱ्याशी हात मिळवायचा. ज्याचं नाव तासाभरापूर्वी सगळं गाव बोंबलत होतं, त्यालाही सूट नाही. एकदा एक तोरा असलेला पोरगा म्हणाला होता, “मिसेस ओ, माझं नाव माहीत नाही का तुम्हाला? सातव्या डावात तुम्हीच तर ओरडत होतात.”

“ते फुकट होतं,” वेल्मा म्हणाली. “हे पैशाचं आहे. टोपी काढ.”

त्या वर्षी मार्चमध्ये लिंडग्रेन गेले. वखार आधीच बंद पडत आली होती, ती पुरती बंद झाली, आणि संघ त्यांच्या मुलीकडे आला. कॉन्स्टन्स तिचं नाव, गावाला ती कॉनी. शिकागोत विम्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. चेकवर दोन सह्या लागत, एक मालकाची, एक वेल्माची. मे-जूनमध्ये चेक टपालाने शिकागोला जात आणि सही होऊन परत येत. जुलै उजाडला आणि खात्यात खडखडाट झाला. त्याच सुमाराला बातमी आली की दुसऱ्या राज्यातला कोणी एक गडगंज माणूस संघ विकत मागतो आहे. त्याने मोठ्या दुकानांच्या रांगेमागे नवंकोरं मैदान बांधलं होतं, आणि त्यात ठेवायला त्याला संघ हवा होता. बगळा मात्र नको होता.

आता बेसबॉलवाल्यांचा एक नियम सांगतो, जो नियमांच्या कुठल्याच पुस्तकात नाही. चेंडू टाकणारा पिचर जर समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे मारणारा सुखरूप बेसवर पोचेल असा फटका, देत नसेल, आणि हे असंच शेवटच्या, नवव्या डावापर्यंत चालेल अशी चिन्हं असतील, तर त्याबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. पिचरजवळ बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आपली जागा सोडायची नाही, जे जसं आहे त्यात काही बदल करायचा नाही. बोललं की मोडलं. शिकलीसवरलेली, बँकेत नोकऱ्या करणारी माणसंही हे इमानेइतबारे पाळतात, आणि याला खुळचटपणा म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्यात बसून तोंड उघडून बघावं.

पेल्टनने त्या जुलैत विक्रीच्या बाबतीत हाच नियम लावला. न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, नदीवरच्या धक्क्यावर, सगळीकडे लोक मक्याबद्दल बोलत, गुडघ्यांबद्दल बोलत, पण संघ जाणार की राहणार हा विषय कोणी काढत नसे. जो तो मनात तेच घोळवत होता आणि जो तो तोंडावर बोट ठेवून होता.

वेल्माला या चुप्पीचा वैताग येई. पण तीही बोलत नसे, कारण नियम तिचाही होता. संघ जाईल असं मात्र तिला एक दिवसही वाटलं नाही. का वाटलं नाही, याचं कारण तिच्यापाशी नव्हतं. काही माणसांचा स्वभावच तसा असतो आणि त्यांच्या घरच्यांना त्याचा त्रास होतो. मर्ल एकदा न राहवून म्हणाला, “पुढच्या वसंतात गवताचं बी मागवायचं का नाही, तेवढं तरी सांग.”

“नेहमीपेक्षा दोन पोती जास्त मागव,” ती म्हणाली.

मर्ल मैदान राखायचा. शांत माणूस, मातीशी जास्त बोलायचा. त्या वर्षी डचच्या संघात लांब चेंडू मारणारा कोणी नव्हता, पळणारे मात्र चिक्कार होते. ते चेंडू हळूच ढकलत आणि धूम ठोकत. म्हणून एप्रिलमध्ये वेल्माने मर्लला एक काम सांगितलं होतं. तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या रेघेशी माती चढवून आतल्या बाजूला बोटभर उतार कर. दुसऱ्या गावी जो चेंडू घरंगळत रेघेबाहेर जाऊन फुकट गेला असता, तो पेल्टनमध्ये आत कलून थांबे, आणि आपला पोरगा तोवर पहिल्या बेसवर पोचलेला असे. सगळीच गावं हे असले उद्योग करतात. पाहुण्या संघाचे मॅनेजर कुरकुरत, आणि घरी जाऊन आपल्या माळ्याला फावडं देत.

तर त्या जुलैतल्या एका पगाराच्या शुक्रवारी दुपारी कॉनी गाडी घेऊन आली. पिशवीत विक्रीचे कागद होते. तिला मुळात मॅच बघायचीच नव्हती. वेल्माने सगळे चेक लिहून, आपली सही ठोकून टेबलावर मांडून ठेवले होते.

“मिसेस ओ, खात्यात याच्या निम्मेही नाहीत,” कॉनी म्हणाली. “तुम्हाला माहीत आहे ना?”

“येतील.”

“कुठून?”

“ते अजून ठरलेलं नाही.”

कॉनीने डोळे मिटून घेतले. “मी यावर सही करू शकत नाही. पोरं सोमवारी बँकेत जातील आणि हात हलवत परत येतील. त्यापेक्षा सोमवारी मी संघ देऊन टाकते. तो माणूस पगार देईल.”

“सोमवारपर्यंत संघ असला तर ना! पोरांनी डचला सांगितलंय, आज चेक नाही तर उद्या सकाळी बसमध्ये कोणी चढणार नाही. ठरल्या गावी संघ पोचला नाही की लीग नाव खोडते. मग विकशील काय, माझी खुर्ची?”

कॉनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, बाप चिडला की होत तशा.

“मॅच बघ,” वेल्मा म्हणाली. “नाही म्हणायचंय तर मॅच संपल्यावर म्हण. नाही म्हणायला काय, कधीही म्हणता येतं.” आणि चेकची चळत तिने आपल्या कापडी पिशवीत घातली.

त्या दिवशी पिचर होता एलिसेओ बारागान. टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडोचा, सव्वीस वर्षांचा. कोपराचं ऑपरेशन झाल्यावर मोठ्या क्लबने त्याला सोडलं होतं. दोन उन्हाळे तो वेल्माच्या घरी मागच्या खोलीत राहत होता. अंड्यांवर हिरवी मिरची घालून खाई, पोर्चची मोडकी पायरी त्याने न सांगता दुरुस्त केली होती, आणि रविवारी त्याच्या आईचा फोन आला की ती आधी वेल्माशी बोले. आईला इंग्रजी येत नव्हतं, वेल्माला स्पॅनिश येत नव्हतं. तरी दोघी दहा-दहा मिनिटं बोलत आणि फोन ठेवल्यावर वेल्मा सांगे, “तुझ्या बहिणीचं बाळ रांगायला लागलं.” आणि ते खरं असे. वेल्माला स्वतःचं मूल नव्हतं. एलिसेओवर तिचा जीव होता, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण मिरच्या ती आता स्वतःच्या वाफ्यात लावत होती.

मालकांच्या जुन्या जागेवर कॉनी बसली, शेजारी वेल्मा. तिसऱ्या डावात कॉनीला टाच चावायला लागली म्हणून तिने डावा बूट काढून ठेवला. चौथ्या डावात हेरन्सने दोन धावा काढल्या. पाचव्या डावात शेंगदाणे विकणारा लोवेल बीचम ओरडायचा थांबला आणि मुकाट्याने पुड्या देऊ लागला. वेल्माने फलकाकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. पाहुण्यांच्या हिटच्या रकान्यात शून्य होतं.

सहावा डाव संपता संपता खाली कचेरीत फोन वाजला. वेल्मा उठली. तिला उठायला हरकत नव्हती, कारण पहिल्या डावापासून ती खाली-वर करतच होती. तिची जागा म्हणजे जाणं-येणं.

“मी प्रेविट बोलतोय,” पलीकडचा आवाज म्हणाला. हा एका मोठ्या क्लबचा माणूस. जूनमध्ये दोनदा येऊन एलिसेओला बघून गेला होता. “मॅडम, आमच्या दोन पिचरांचे खांदे गेलेत. तुमचा बारागान मला हवाय. रविवारी त्याला आमच्याकडे चेंडू टाकायचाय.” आणि त्याने आकडा सांगितला. त्या आकड्यात आजचा पगार बसत होता आणि पुढचाही. “पैसे सोमवारी सकाळी तुमच्या बँकेत. फक्त आज तो टाकत असेल तर आत्ताच्या आत्ता त्याला बाहेर काढा. मला ताजा हात हवाय.”

वेल्माने टेबलाची कड धरली. पैसे येतील असं ती दुपारी म्हणाली होती. ते आले होते, आणि ती म्हणाली, “आत्ता नाही काढता येत.”

“का?”

“ते सांगता येत नाही.”

“म्हणजे? मॅनेजरला विचारायचंय का?”

“त्यालाही विचारता येत नाही. कोणालाच काही विचारता येत नाही.”

“कितवा डाव चालू आहे?” प्रेविटने जपून विचारलं.

“सहावा संपला.”

“आणि तुम्हाला सांगता येत नाही.”

“मिस्टर प्रेविट, तुम्ही या धंद्यात किती वर्षं आहात?”

प्रेविट खाकरला. “मी काही विचारलंच नाही असं समजा. मी फोनही केला नाही. संपलं की तुम्ही करा.” मग त्याचा आवाज उतरला. “पण मॅडम, कोपर दुखावलं तर सौदा नाही. माझ्यावरही साहेब आहेत.”

वर येऊन वेल्माने कॉनीच्या कानात सगळं सांगितलं. कॉनी ताडकन उठली. “मग वाट कसली बघताय? काढा त्याला! पगाराचे पैसे आहेत ते! तुम्ही नाही जात तर मी जाते डचकडे.”

“खाली बस, बाई,” मागून आवाज आला. खाटीकखान्याच्या मालकीण मिसेस ट्राउटवाइन होत्या त्या. सत्तरीच्या, हातात विणकाम, आणि तिसऱ्या डावापासून त्यांनी एकाच ओळीत सुई अडकवून ठेवली होती.

“माफ करा, पण मला जरा खाली—”

“पहिल्यापासून तिथेच बसली आहेस ना? मग तिथेच बसायचं.”

“आणि तो बूट घालू नकोस,” लोवेल म्हणाला.

कॉनीने चिडून आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव तिच्याकडे पाहत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. मग तिची नजर फलकावर गेली. ती तिथेच खिळली. तोंड उघडलं. त्यातून शब्द बाहेर पडायच्या आत वेल्माने तिच्या हातात शेंगदाण्याची पुडी कोंबली.

“आठ वर्षांची असताना तू एकदा बोलली होतीस,” वेल्मा हळूच म्हणाली. “वडिलांनी घरी जाईपर्यंत तुला गाडीत एक शब्द बोलू दिला नव्हता.”

कॉनी बसली. पंधरा वर्षं ती शिकागोत होती, पण बसली ती पेल्टनच्या पोरीसारखी, पाय जवळ घेऊन, श्वास रोखून. बूट तिने पायानेच आणखी लांब सरकवला.

सातवा डाव गेला. आठवा गेला. मैदानाकडेच्या बाकावर एलिसेओ एका टोकाला टॉवेल पांघरून एकटा बसे आणि बाकीचे सगळे दुसऱ्या टोकाला एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे कोंबून बसत. डचने सिगार पेटवली नव्हती, नुसती चावत होता, कारण पहिल्या डावात ती पेटवायला तो विसरला होता.

आठव्या डावाच्या शेवटी एलिसेओने उजवा हात दोनदा झटकला. बावीस पोरांचा पगार, उद्याची बस, हे मैदान, मर्लचं गवताचं बी, सगळं त्या एका कोपरावर ठेवून ती बसली होती. आपण मूर्खपणा केला का, असं तिच्या मनात आलं. मग तिने बाकावर दाटीवाटीने बसलेली ती पोरं पाहिली. उद्या पगार मिळेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तरी आत्ता त्यांच्यातला एकही जण स्वतःसाठी घाबरलेला नव्हता. यांच्यामधून त्याला उठवून आणलं असतं, तर चेक वटले असते आणि संघ उरला नसता. नाही, तिने बरोबरच केलं होतं. एकदा तसं ठरवल्यावर तिने एक शेंगदाणा सोलून खाल्ला.

नववा डाव. पहिला गडी बाद. दुसरा गडी बाद. बाकांवर साडेतीन हजार माणसं होती आणि नदीवरच्या बोटीचं इंजिन स्पष्ट ऐकू येत होतं.

तिसरा आला तो उंचाडा, डावखुरा. एलिसेओचा चेंडू आत शिरला आणि बॅटच्या दांड्याला नुसता चाटून गेला. चेंडू उडालाही नाही. तिसऱ्या बेसच्या रेघेशेजारून तो घरंगळत निघाला, अगदी रमतगमत. तिसऱ्या बेसवरचा हेरन्सचा पोरगा धावत आला आणि चेंडूवर वाकून उभा राहिला. आता उचलून फेकायला उशीर झाला होता. चेंडू रेघेबाहेर जाऊ दे, म्हणजे फुकट जाईल आणि पुन्हा टाकता येईल, एवढीच आशा होती. जगातल्या कुठल्याही मैदानावर तो बाहेर गेला असता. चेंडू रेघेपर्यंत गेला, रेघेवर चढला, जरा डळमळला, आणि आतल्या बाजूला कलून थांबला.

हिट.

कुंपणाच्या फाटकाशी मर्ल दंताळं धरून उभा होता. तो चेंडूकडे बघत नव्हता. तो वर वेल्माकडे बघत होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच वेल्माने त्याची नजर टाळली.

आधी हसला तो एलिसेओ. तो रेघेपाशी आला, तो चेंडू त्याने उचलला, त्याच्याकडे बघून मान हलवली आणि टोपी काढून बाकांच्या दिशेने हलवली. मग सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. आणि आता बोलायला हरकत नव्हती. चार-पाच डावांचं साचलेलं बोलणं एकदम बाहेर पडलं. प्रत्येक जण शेजाऱ्याला तेच सांगत होता जे शेजाऱ्याने पाहिलं होतं. लोवेलने अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं “शेंगदाणे!” म्हणून आरोळी ठोकली.

मिसेस ट्राउटवाइननी सुई ओळीतून सोडवली आणि त्या पुढे वाकल्या. “कॉनी लिंडग्रेन, आता तोंड उघडलंच आहे सगळ्यांनी, तर हेही होऊन जाऊ दे. संघ विकतेस का नाही विकत?”

त्यांचा आवाज मुळातच दणदणीत. चार-पाच रांगा गप्प झाल्या, मग त्यांच्या पुढच्या, मग मागच्या. महिनाभर जे कोणी बोललं नव्हतं ते एका खाटकिणीने बोलून टाकलं होतं, आणि आता उत्तराशिवाय कोणाला खाली बसता येत नव्हतं.

कॉनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एका पायात बूट, एका पायात मोजा, मुठीत शेंगदाण्याची टरफलं. ती वेल्माला म्हणाली, “तो फोनवाला अजून घेईल त्याला?”

“कोपर धड असलं तर.”

“आणि नसलं तर?”

“तर दुसरीकडून येतील.”

“कुठून?”

“कॉनी, ते दुपारीही ठरलेलं नव्हतं.”

कॉनी एकाएकी हसायला लागली. खूप वेळ रडू आवरलेलं माणूस हसतं तशी. “पेन द्या,” ती म्हणाली.

“हे उत्तर झालं का?” मिसेस ट्राउटवाइननी विचारलं.

“झालं. या वर्षी नाही विकत. पुढचं ऑक्टोबरात विचारा.”

“ऑक्टोबरात कशाला, आम्ही रोज विचारू,” मागून कोणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

वेल्माने पिशवीतून चेक काढून तिच्या मांडीवर ठेवले. कॉनी सह्या करत सुटली, बापासारखं शेवटचं अक्षर लांब ओढून. खाली एलिसेओने पुढच्या गड्याला तीन चेंडूंत घरी पाठवलं आणि मॅच संपली. ते तीन चेंडू कॉनीने पाहिलेच नाहीत.

वेल्मा आधी बाकापाशी गेली. एलिसेओचं कोपर डचच्या हातात होतं आणि डच ते दाबून, वाकवून बघत होता. “जरा आखडलंय, बाकी काही नाही, वेल्मा,” तो म्हणाला. “पाण्याचा हंडा एका हाताने उचलला आत्ता या हत्तीने.” मग तिने फोन लावला.

“आता सांगता येतं का?” प्रेविटने विचारलं.

“येतं. एक हिट. नवव्यात, दोन बाद असताना. तिसऱ्या बेसच्या रेघेवर अडली.”

“अरेरे. आमच्याकडे बाहेर गेली असती.”

“माहीत आहे मला.”

“कोपर?”

“तुमच्या डॉक्टरला दाखवा. आमच्या डचला आवडलं.”

“हं. पण रविवारी तो आता टाकू शकत नाही, मॅडम. मंगळवारीच. मग आकडाही थोडा—”

“आकडा हलणार नाही,” वेल्मा म्हणाली. “तुम्ही सहा डाव टाकणारा मागत होतात. मी तुम्हाला नऊ डाव टाकणारा देतेय.”

प्रेविट मोठ्याने हसला आणि आकडा हलला नाही. एलिसेओने सकाळच्या पहिल्या बसने निघावं असं ठरलं.

खेळाडूंच्या खोलीच्या दाराशी वेल्मा उभी राहिली. शेजारची जागा मार्चपासून रिकामी होती. कॉनी आली, काही न विचारता तिथे उभी राहिली. आता दोन्ही बूट पायांत होते. एकेक पोरगा येई, टोपी काढी, नाव सांगे, चेक घेई, आणि कॉनीशी हात मिळवताना जरा गोंधळे, कारण हा हात छोटा होता.

एलिसेओ शेवटी आला. कोपराला बर्फ बांधलेला.

“नाव?” वेल्मा म्हणाली.

“एलिसेओ बारागान.”

तिने चेक दिला आणि त्याच्या डोळ्यांकडे न बघता सांगितलं, “प्रेविटने तुला घेतलंय. मंगळवारी तिकडे टाकायचंय. सकाळची बस.”

त्याने मग चेककडे पाहिलं, मग आत चेक नाचवत असलेल्या पोरांकडे. “म्हणजे या सगळ्यांचा पगार...”

“तू.”

“तरीच आज एवढे प्रेमाने लांब बसले होते माझ्यापासून!” तो म्हणाला. हसत होता आणि डोळे वाहत होते. त्याने तिला एका हाताने मिठी मारली. बर्फाचं पाणी तिच्या पाठीवरून ओघळलं. “मिसेस ओ, ती रेघ...”

“माझी अक्कल. एप्रिलमधली.”

“ठाऊक आहे. मर्लने मेमध्येच सांगितलं होतं.”

“मग तिकडे कशाला टाकलास, गाढवा?”

“मी कुठे टाकला? त्याने मारला!”

वेल्मा कधी रडत नाही असं गावात म्हणत. त्या रात्री मर्लच्या गाडीत ती घरापर्यंत रडली. संघ राहिला याचा तिला आनंद होता, पोराला मोठं मैदान मिळालं याचाही होता, आणि तरी मागची खोली रिकामी होणार याचं दुःख त्या दोन्हींपेक्षा मोठं होतं. मर्ल गाडी चालवत राहिला. नेहमीपेक्षा त्याने ती बरीच हळू चालवली.

सकाळी तिने अंड्यांवर दुप्पट मिरची घातली. बस सुटेपर्यंत ती थांब्यावर उभी राहिली, ती कोणासाठी थांबत नसली तरी. तिथून ती थेट मैदानावर गेली. हेरन्सची बस फाटकातून निघत होती. बावीसच्या जागी एकवीस पोरं, खिडक्यांतून बोंबलत, आणि डच शेवटी एकदाची पेटलेली सिगार घेऊन पुढे.

मर्ल फावडं घेऊन तिसऱ्या बेसकडच्या रेघेशी उभा होता. बराच वेळ उभा असावा. बूट दवाने भिजले होते.

“काढून टाकू का?” त्याने विचारलं. “उतार?”

वेल्मा रेघेपाशी आली. चेंडू जिथे थांबला होता तिथे मातीत अजून छोटी खळी दिसत होती. तिने बुटाच्या टोकाने ती बुजवली, माती नीट दाबली.

“कशाला?” ती म्हणाली. “मंगळवारी घरची मॅच आहे. आपल्या पोरांना लागेल.”